परिवाराची म्हातारी : महदाइसा

श्रीचक्रधरस्वामींच्या भक्तपरिवारात महदाइसांचे स्थान कुटुंबातील वडीलधाऱ्या स्त्रीचे होते. स्वामी त्यांना कौतुकाने म्हातारी म्हणत, आणि पुढे सर्व परिवारात हेच त्यांचे आदराचे उपनाम झाले. आद्य मराठी कवयित्री म्हणून त्यांची कीर्ती आहे. परंतु त्यांच्या कवित्वाचे मूळ त्यांच्या दास्यात आणि जिज्ञासेत शोधावे लागते.

महदाइसांचे मूळ नाव रूपाई. वायनायकांची ही कन्या विद्येची परंपरा असलेल्या ब्राह्मण कुळात जन्मास आली. श्रीनागदेवाचार्य त्यांचे चुलत बंधू होत. लहान वयातच वैधव्य आल्यामुळे संसाराचे द्वार त्यांना बंद झाले. तेराव्या शतकातील विधवा स्त्रीपुढे व्रतवैकल्ये आणि माहेरचा आश्रय याखेरीज मार्ग नव्हता. शास्त्रश्रवणाचा अधिकार तिला नव्हता, मग शास्त्राविषयी प्रश्न विचारण्याचा कोठून असणार ? महदाइसांनी प्रथम दादोसांचे शिष्यत्व पत्करले. पुढे स्वामींचे सन्निधान लाभले आणि त्यांच्या चित्ताला खरा आधार सापडला. आबाइसा, उमाइसा आणि नागदेव हेही याच मार्गास लागल्याने एका कुळाची नाती परमार्गात अधिकच दृढ झाली. स्त्रियांनाही संन्यासाचा आणि ज्ञानाचा अधिकार आहे, ही स्वामींची भूमिका महदाइसांच्या जीवनात प्रत्यक्ष झालेली दिसते.

महदाइसांचा स्वभाव चिकित्सक होता. ऐकलेले निमूटपणे मानून घेणे त्यांना जमत नसे. देव, जीव, तीर्थ, आचार, मागील ज्ञाते पुरुष यांविषयी त्या स्वामींना सतत काही ना काही विचारीत. त्या प्रश्नांचा स्वामींना कंटाळा आला नाही; उलट त्यांनी या चर्चक वृत्तीचे कौतुकच केले. म्हाइंभटांच्या लीळाचरित्रातील कित्येक लीळा या प्रश्नोत्तरांतून आल्या आहेत. केशोबासांनी सूत्रपाठ निवडला. त्यातील काही वचनांचे प्रकरण पाहू गेल्यास त्यामागे महदाइसांची पृच्छा उभी असल्याचे आढळते. सूत्राचा अभ्यास करणाऱ्या साधकाने हे लक्षात ठेवणे अगत्याचे आहे. प्रश्न विचारणे श्रद्धेला बाधक ठरते अशी समजूत असेल, तर तिचे निरसन महदाइसांच्या चरित्राने होते. त्यांची निष्ठा प्रश्नांतूनच वाढली.

इ. स. 1274 च्या सुमारास स्वामींनी उत्तरापंथे गमन केले. वियोगाने व्याकूळ झालेला परिवार ऋद्धिपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या आश्रयाला आला. तेथे महदाइसांच्या भक्तीची वेगळीच परीक्षा झाली. स्वामींजवळ प्रश्नास उत्तर मिळे. श्रीप्रभूंचे वर्तन मात्र बालकासारखे स्वच्छंद. ते क्षणात रुसत, क्षणात हसत, भलत्या वेळी भलत्या पदार्थाचा हट्ट धरीत. तेथे चर्चेला अवसर नव्हता, केवळ सेवेला होता. निरूपणाची सवय झालेल्या महदाइसांनी हे दास्य मातेच्या मायेने केले. त्यांचे ज्ञान त्यांच्या हातांत उतरले, ते येथे.

एकदा श्रीप्रभूंना विवाहाची प्रवृत्ती झाली. परिवाराने मोठ्या उल्हासाने लग्नाची सिद्धता केली आणि श्रीप्रभूंनी महदाइसांना धवळे गाण्यास सांगितले. धवळे म्हणजे लग्नप्रसंगी वराला उद्देशून गावयाची गीते. घराघरांतील स्त्रियांच्या तोंडी असलेला हा प्रकार. महदाइसांनी त्यात श्रीकृष्ण-रुक्मिणीविवाहाची कथा गुंफली. श्रीकृष्णावाचून दुसऱ्यास न वरण्याचा रुक्मिणीचा निर्धार, रुक्मीचा विरोध, ब्राह्मणाकरवी धाडलेला निरोप आणि वाट पाहणाऱ्या मनाची घालमेल त्यांत साध्या घरगुती मराठीत आली आहे. जिचा स्वतःचा संसार अकाली मोडला, तिच्या मुखातून हे मंगलगान निघाले, आणि त्यात खेदाचा सूर नाही. पुढे उत्तरार्धाची भर पडून धवळ्यांची संख्या 148 झाली. मातृकी रुक्मिणीस्वयंवर ही त्यांचीच रचना होय.

इ. स. 1287 च्या सुमारास श्रीप्रभूंनी देह ठेवला. दोन्ही आश्रय गेले, तरी महदाइसांचे अनुसरण शिथिल झाले नाही. नागदेवाचार्यांच्या नेतृत्वाखाली परिवार एकत्र राहिला. नात्याने भाऊ असलेल्या आचार्यांना त्यांनी मार्गाचे प्रमुख म्हणून मानले आणि आचार्यांनी त्यांचा वडीलकीचा मान राखला. याच काळात केशोबासांसारखे पंडित संस्कृतात रचना करू लागले, तेव्हा आचार्यांनी त्यांना आवरले. संस्कृतात ग्रंथ झाले तर स्वामींच्या परिवारातील साधी माणसे, आपल्या म्हाताऱ्या बाया, ज्ञानाला वंचित होतील, ही त्यांची चिंता होती. हा निर्णय देताना ज्या स्त्रिया आचार्यांच्या दृष्टीपुढे होत्या, त्यांच्या अग्रभागी महदाइसाच असणार. शास्त्र मराठीत राहिले त्याला स्वामींची भाषा हे कारण होते, तसेच ते ऐकण्यास तत्पर असलेला हा श्रोतृवर्गही कारण होता.

आचार्यांच्या हयातीतच महदाइसांचे देहावसान झाले. आचार्यांना अतिशय दुःख झाले. मार्गाचे रक्षण करणारी वडील माणूस गेली, असे त्यांस वाटले. महदाइसांनी मागे घरदार ठेवले नाही, वंश ठेवला नाही. परंतु सूत्राचे प्रकरण लावताना कोणी साधक त्यांचा प्रश्न वाचतो, तेव्हा त्यांना दिलेले उत्तर त्यालाही मिळते. परिवाराच्या म्हातारीने लेकरांसाठी राखून ठेवलेले धन ते हेच.