आधी ससे, मग स्वतःचं शरीर: वाल्डेमार हाफकिन यांची गोष्ट

बारामती असो की इंदापूर, मेडिकलमधून तापाची गोळी घेतली की आपण एक्सपायरी डेट बघतो आणि पाण्याबरोबर गिळून टाकतो. पुढे पोटात काय होतं? गोळी विरघळते आणि आतड्यातून रक्तात जाते, हे शोषण. रक्तातून ती शरीरभर पोचते, हे वितरण. यकृत तिचं रूप बदलतं, हे चयापचय. उरलेलं बहुतेक लघवीवाटे बाहेर पडतं. माणसाला नवं औषध देण्याआधी हा सगळा प्रवास उंदीर, ससे अशा प्राण्यांमध्ये तपासतात.

यंत्रं नव्हती तेव्हा हे धाडस कसं करायचे? मुंबईतलं एक उदाहरण बघूया.

ओडेसा ते मुंबई

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म 1860 चा, काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरातला. पुढे पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी कॉलराची लस तयार केली. गिनीपिगवर प्रयोग झाल्यावर जुलै 1892 मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. 1893 मध्ये ते भारतात आले.

1896 मध्ये मुंबईत प्लेग पसरला. हाफकिन यांना ग्रँट मेडिकल कॉलेजात एक छोटी खोली मिळाली, मदतीला मोजकी माणसं. त्यांनी मांसाच्या रश्श्यात प्लेगचे जंतू वाढवले. वर तुपाचे थेंब टाकले, म्हणजे जंतू त्याला लोंबकळत खाली वाढत जात. मग उष्णता देऊन ते मारले. मेलेला जंतू रोग देत नाही, पण शरीर त्याला ओळखून तयारी करून ठेवतं. लस गोळीसारखी पचून जात नाही. ती त्वचेखाली टोचतात, तिथून हळूहळू पसरते आणि शरीराच्या संरक्षक पेशींना जागं करते.

डिसेंबरपर्यंत सशांवर लस यशस्वी ठरली. पण सशाला चाललं ते माणसाला चालेलच असं नाही. लहान प्राणी बरीच औषधं झपाट्याने पचवतात, त्यामुळे डोस नुसता वजनाच्या हिशेबाने ठरवता येत नाही. 10 जानेवारी 1897 ला हाफकिन यांनी स्वतःला 10 सीसी लस टोचून घेतली. ताप आला, दुखलं, पण ते बरे झाले. मग भायखळ्याच्या तुरुंगात स्वयंसेवकांवर चाचणी झाली. लस घेतलेल्यांमध्ये मृत्यू कमी होते. 1899 मध्ये परळला मोठी प्रयोगशाळा सुरू झाली.

एक बाटली, एकोणीस मृत्यू

ऑक्टोबर 1902 मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावात एकाच बाटलीतून लस घेतलेले 19 जण धनुर्वाताने गेले. ठपका परळच्या प्रयोगशाळेवर आला. निर्जंतुकीकरणाची पद्धत बदलून कार्बोलिक आम्ल वगळलं, असा आक्षेप होता. हाफकिन यांना पद सोडावं लागलं. पण त्याच दिवशी इतर बाटल्यांतून लस घेतलेल्यांना काही झालं नव्हतं. बाटली उघडताना तिथल्या मदतनिसाच्या हातातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि धनुर्वाताचे जंतू मातीत असतात! रोनाल्ड रॉस यांच्यासारखे शास्त्रज्ञ त्यांच्या बाजूने उभे राहिले. तरी दोषमुक्त व्हायला 1907 उजाडलं. नंतर कलकत्त्याला त्यांनी काम केलं, पण प्लेगच्या लसीची प्रयोगशाळा त्यांना परत मिळाली नाही. 1915 मध्ये त्यांनी भारत सोडला.

1925 मध्ये परळच्या त्या संस्थेला हाफकिन यांचं नाव दिलं गेलं. 1930 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथे ते वारले.

ससे, स्वतःचं शरीर, तुरुंगातले स्वयंसेवक: इतक्या पायऱ्या पार केलेली लस शेवटच्या एका चुकीने बदनाम झाली. म्हणून आज औषध प्राण्यांवर तपासलं जातं, माणसांवर टप्प्याटप्प्याने तपासलं जातं, आणि प्रत्येक पॅकवर बॅच नंबर छापला जातो. पुढच्या वेळी गोळी घेताना एक्सपायरीच्या शेजारचा तो नंबरही बघा!