रेने लेनेक

डॉक्टर रोग्याच्या छातीवर जो स्टेथॉस्कोप टेकवतात, त्याचे पहिले रूप म्हणजे कागदाची एक सुरळी होती. ती करणारा रेने लेनेक हा फ्रान्समधील वैद्य होय.

त्याचा जन्म १७ फेब्रुवारी १७८१ रोजी ब्रिटनी प्रांतातील कँपेर या गावी झाला. तो लहान असतानाच आई क्षयाने निवर्तली. नांत शहरी वैद्यकी करणाऱ्या चुलत्याने त्याला वाढविले व त्याच विद्येची गोडी लावली. बासरी वाजविण्याचाही त्याला छंद होता. पुढे पॅरिसला जाऊन तो कॉर्व्हिसार या नामांकित वैद्याचा शिष्य झाला.

त्या काळी छातीवर बोटांनी ठोकून नाद ऐकावा, नाहीतर छातीला कान लावावा, एवढाच मार्ग वैद्यांना ठाऊक होता. १८१६ साली पॅरिसमधील नेकर रुग्णालयात हृदयविकाराची लक्षणे असलेली एक तरुणी लेनेककडे आली. ती स्थूल असल्याने ठोकून काही कळेना, आणि तिच्या छातीला कान लावणे त्याला प्रशस्त वाटेना. लाकडाच्या तुळईचे एक टोक टाचणीने खरवडले असता दुसऱ्या टोकाशी तो आवाज स्पष्ट ऐकू येतो, हे त्याला आठवले. त्याने कागदाच्या तावांची घट्ट सुरळी केली, तिचे एक टोक रोग्याच्या छातीवर ठेवून दुसऱ्यास कान लावला, तो काय आश्चर्य! हृदयाचे ठोके नुसत्या कानापेक्षाही स्पष्ट ऐकू आले.

मग लाकूड कातून त्याने सुमारे १ फूट लांबीची नळी स्वतः बनविली. पुढील ३ वर्षे तो रोग्यांच्या श्वासातील घरघर, करकर, शीळ यांची बारकाईने नोंद करीत राहिला. रोगी दगावला, तर शवविच्छेदन करून फुफ्फुसात काय बिघडले होते ते त्या नोंदीशी ताडून पाही. हा मार्ग मन विषण्ण करणारा खरा. पण त्यामुळेच फुफ्फुसदाह, छातीत साठलेले पाणी, क्षयाने पडलेली पोकळी हे विकार रोगी जिवंत असतानाच वेगळे ओळखता येऊ लागले. १८१९ साली त्याने हे सारे ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले.

निदान साधले, तरी क्षयावर औषध नव्हते. त्या रोगाचे जंतूदेखील रॉबर्ट कॉख यांना १८८२ साली सापडले. समुद्राची हवा क्षयरोग्यास मानवते, असा लेनेकचा समज होता. १८२६ साली त्याला स्वतःलाच खोकला व ताप जडला, तेव्हा तो ब्रिटनीतील आपल्या घरी परतला. त्याचा नातलग मेरियादेक हाही वैद्य होता. त्याने नळी लावून लेनेकची छाती तपासली, आणि क्षयाची तीच ओळखीची लक्षणे त्याला ऐकू आली.

१३ ऑगस्ट १८२६ रोजी, वयाच्या ४५ व्या वर्षी, लेनेकचे निधन झाले. आपली नळी त्याने मृत्युपत्रान्वये मेरियादेकला दिली होती.