राजनारायण : पंतप्रधानांची निवडणूक कोर्टात नेणारा माणूस

ग्रामपंचायतीचा निकाल लागला की हरलेल्या पॅनलचं ठरलेलं असतं. चार दिवस पारावर बसून ओरडायचं आणि पाचव्या दिवशी गपगुमान शेतात जायचं. पण एक माणूस असा होऊन गेला की तो गप बसला नाही. त्यांचं नाव राजनारायण. ३१ डिसेंबरला त्यांची पुण्यतिथी असते.

राजनारायण यांचा जन्म १९१७ सालचा, वाराणसी जिल्ह्यातला. घराणं जमीनदाराचं, पण ते झाले समाजवादी. डॉ. लोहियांचे पक्के कार्यकर्ते. आंदोलन आणि जेल हे त्यांचं नेहमीचंच.

१९७१ साली ते रायबरेलीतून थेट पंतप्रधान इंदिरा गांधींच्या विरोधात उभे राहिले आणि १ लाख ११ हजार ८१० मतांनी हरले. तरी त्यांनी अलाहाबाद हायकोर्टात निवडणूक याचिका टाकली. वकील होते शांतिभूषण. खटला चार वर्षं चालला. मार्च १९७५ मध्ये पंतप्रधानांना स्वतः कोर्टात येऊन साक्ष द्यावी लागली.

१२ जून १९७५ रोजी न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी निकाल दिला. बरेच आरोप टिकले नाहीत, दोन टिकले. यशपाल कपूर हे सरकारी नोकरीत असतानाच त्यांच्याकडून प्रचाराचं काम घेतलं, हा एक. सभेचं स्टेज आणि लाऊडस्पीकरची सोय सरकारी अधिकाऱ्यांकडून करून घेतली, हा दुसरा. पंतप्रधानांची निवड रद्द झाली आणि सहा वर्षं निवडणूक लढवायला बंदी आली.

तेरा दिवसांनी, २५ जूनच्या रात्री आणीबाणी लागली. खटला जिंकलेले राजनारायण जेलमध्ये गेले. ऑगस्टमध्ये संसदेत निवडणूक कायदाच बदलला, तोही मागच्या तारखेपासून लागू होईल असा. ज्या मुद्द्यांवर निवड रद्द झाली होती, ते मुद्देच गुन्हा राहिले नाहीत. शिवाय पंतप्रधानांच्या निवडणुकीत कोर्टाला हात घालता येऊ नये म्हणून घटनादुरुस्ती केली. ७ नोव्हेंबरला सुप्रीम कोर्टाने घटनादुरुस्तीतलं ते कलम रद्द केलं, पण बदललेला कायदा मान्य केला. म्हणजे राजनारायण शेवटी कोर्टात हरलेच.

पण मतदार बाकी होता. मार्च १९७७ ला रायबरेलीत पुन्हा तीच लढत झाली. या वेळी राजनारायण ५५ हजार २०२ मतांनी निवडून आले. देशात पहिल्यांदाच पंतप्रधान स्वतःच्या मतदारसंघात पडल्या. राजनारायण मोरारजी देसाईंच्या सरकारात आरोग्यमंत्री झाले. पुढे १९७९ ला जनता पक्ष फुटला, त्यात त्यांचा मोठा हात होता. त्यावरून त्यांना बोल लावणारे आजही आहेत. १९८६ साली दिल्लीत ते वारले.

त्यांची एक गोष्ट मात्र आपण घेण्यासारखी आहे. त्यांनी नुसती बोंब मारली नाही. राजीनामा कोणत्या तारखेला, स्टेज कोणी बांधलं, असं बारीकसारीक कोर्टापुढे पुराव्यानिशी मांडलं. लोकसभा-विधानसभेच्या निकालाविरुद्ध ४५ दिवसांत हायकोर्टात जाता येतं. ग्रामपंचायतीला मुदत फक्त १५ दिवसांची, तीही तालुक्याच्या दिवाणी कोर्टात. पारावरच्या भांडणात ते दिवस कधी निघून जातात, कळतही नाही.