रसायनशास्त्रज्ञ बर्थोले

क्लोद लुई बर्थोले याचा जन्म ९ डिसेंबर १७४८ रोजीं सॅव्हॉय प्रांतांतील तालॉर या लहानशा गांवीं झाला. तुरिन येथें वैद्यकीचा अभ्यास पुरा करून १७७२ सालीं तो पॅरिसला आला. परंतु तेथें त्याचें मन औषधांपेक्षां रसायनशास्त्रांतच अधिक रमलें. पुढें सरकारी रंगशाळेवर देखरेख करण्याचें काम त्याजकडे आलें. त्या काळीं कापड पांढरें शुभ्र करण्यासाठीं तें महिनोन् महिने उन्हांत पसरून ठेवावें लागे. क्लोरिन वायूच्या योगानें हेंच काम थोडक्या वेळांत होतें, हें त्यानें १७८५ च्या सुमारास दाखवून दिलें. आणि ही युक्ति आपल्या लाभासाठीं गुप्त न ठेवितां सर्वांस खुली केली.

राज्यक्रांतीच्या भीषण दिवसांतील त्याची एक आख्यायिका सांगतात. सैनिकांच्या ब्रँडींत विष असल्याचा संशय घेऊन सत्ताधाऱ्यांनीं ती तपासणीसाठीं त्याजकडे पाठविली. त्यांना हवा तो निर्णय न देतां त्यानें ती निर्दोष असल्याचें कळविलें. आणि ते धमकावूं लागतांच तिचा एक पेला गाळून त्यांच्यादेखत पिऊन टाकला!

१७९८ सालीं नेपोलियनबरोबर तो मिसर देशांत गेला. त्या मुक्कामांत कैरोच्या वायव्येस वाळवंटांतील खारीं सरोवरें त्यानें पाहिलीं. त्यांच्या कांठीं सोडियम कार्बोनेटचे, म्हणजे धुण्याच्या सोड्याचे, थर जमले होते. तेथें चुनखडी होती व पाण्यांत मीठ होतें. हें पाहून तो विचारांत पडला. कारण प्रयोगशाळेंत धुण्याचा सोडा व कॅल्शियम क्लोराइड यांचीं द्रावणें एकत्र केलीं, कीं चुनखडीचा साका तळाशीं बसतो आणि मीठ पाण्यांत राहतें, हें सर्वांस ठाऊक होतें. येथें तर निसर्ग नेमकी उलट क्रिया करीत होता! मिठाचा प्रचंड सांठा आणि तयार झालेला सोडा कांठावर वेगळा पडत जाणें, यांमुळें क्रियेची दिशा फिरली, असें त्यानें अनुमान केलें. रासायनिक क्रिया केवळ पदार्थांच्या परस्पर आकर्षणावर नव्हे, तर त्यांच्या राशीवरहि अवलंबून असते, हा विचार त्यानें १८०३ सालच्या आपल्या ग्रंथांत मांडला.

परंतु थोरांच्याहि हातून चुका होतात. संयुगांतील घटकांचें प्रमाणहि राशीप्रमाणें बदलतें, असें तो प्रतिपादूं लागला. प्रूस्त या त्याच्या देशबंधूनें अनेक पदार्थांचें पृथक्करण करून हें मत खोडून काढलें. वाद कित्येक वर्षें चालला; पण दोघांनींहि सभ्यतेची मर्यादा सोडली नाहीं. जय प्रूस्तचा झाला, आणि बर्थोलेच्या चुकीबरोबर त्यानें शोधलेलें सत्यहि बाजूस पडलें.

१८६४ सालीं गुल्डबर्ग व वागे या नॉर्वेच्या दोघां शास्त्रज्ञांनीं राशीच्या त्या विचारास गणिताचें रूप दिलें. तत्पूर्वीं १८५० सालीं विल्यमसन या इंग्रज शास्त्रज्ञानें समतोलाचें मर्म सांगितलें होतें. विद्यार्थी मित्रहो, शेजारशेजारच्या दोन खोल्यांची कल्पना करा. दर मिनिटास दहा मुलें एकींतून दुसरींत जातात व दहाच परत येतात. बाहेरून पाहणारास संख्या कायम दिसते. पण आंत हालचाल थांबलेली नसते. रासायनिक समतोल असाच आहे. सुलट व उलट दोन्ही क्रिया सारख्याच वेगानें चालूं असतात. एका बाजूचा पदार्थ वाढविला किंवा काढून घेतला, कीं हा तोल ढळतो आणि क्रिया नवा तोल गांठते. नायट्रोजन व हायड्रोजन यांपासून अमोनिया करण्याची हाबर याची १९०९ सालची पद्धति याच ज्ञानावर उभारली आहे; आणि त्या अमोनियापासून होणाऱ्या खतांवर आज कोट्यवधि लोकांचें अन्न पिकतें.

उतारवयांत बर्थोले पॅरिसजवळील आर्केय येथें राहिला. तेथील त्याच्या घरीं लाप्लास, गे-ल्युसॅक असे विद्वान जमत व तरुणांस प्रयोगास उत्तेजन मिळे. ६ नोव्हेंबर १८२२ रोजीं तेथेंच त्याचा अंत झाला. कांहीं घन पदार्थांत घटकांचें प्रमाण खरोखरच थोडें कमीअधिक असतें, असें पुढें आढळून आलें. त्यांस आज बर्थोलेचेंच नांव दिलेलें आहे. वाळवंटांतील खारट पापुद्रा हजारों वाटसरूंनीं पाहिला असेल. परंतु तो पाहून थबकला व विचार करूं लागला, तो एकच. डोळसपणें पाहण्याचा हा गुण आपल्या विद्यार्थ्यांच्या अंगीं यावा, म्हणून हें अल्प चरित्र येथें दिलें आहे.