पहिली नटी कमलाबाई

मी गॅदरिंगच्या नाटकात नाव दिले म्हणून आजी रागावली. मुलींनी तोंड रंगवून लोकांपुढे नाचू नये असे ती म्हणते. मी बाईंना सांगितले. तेव्हा बाईंनी मला कमलाबाई गोखले यांची माहिती दिली. तीच मी इथे लिहिते.

कमलाबाईंचा जन्म १९०० साली झाला. त्यांच्या आईचे नाव दुर्गाबाई कामत. त्या नवऱ्यापासून वेगळ्या झाल्या आणि पोटासाठी नाटक कंपनीत गेल्या. तेव्हा बायका नाटकात गेल्या की लोक नावे ठेवत. कमलाबाई आईबरोबर गावोगाव फिरल्या. चार वर्षांच्या असतानाच त्यांनी नाटकात काम केले. म्हणजे अंगणवाडीतल्या पोरांएवढ्या!

आपल्या त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली राजा हरिश्चंद्र हा चित्रपट काढला. त्यात तारामती व्हायला एकही बाई मिळाली नाही. मग साळुंके नावाचे पुरुष तारामती झाले. मला याचे हसूच आले. नंतर दादासाहेब नाशिकला आले आणि त्यांनी मोहिनी भस्मासुर काढला. त्यात दुर्गाबाई पार्वती झाल्या आणि कमलाबाई मोहिनी. कमलाबाई तेव्हा तेरा वर्षांच्या, माझ्या ताईएवढ्या. आपल्या देशाच्या चित्रपटात काम करणाऱ्या ह्या पहिल्या बायका.

तेव्हाचे चित्रपट मुके होते. कमलाबाई नाटकात गायच्या, पण पडद्यावर त्यांचा आवाज कोणाला ऐकू आला नाही. सगळे हातांनी आणि डोळ्यांनी सांगायचे. मोहिनी नाचताना डोक्यावर हात ठेवते, भस्मासुर पण ठेवतो आणि भस्म होतो. आम्ही मधल्या सुट्टीत न बोलता करून पाहिले. जमले, पण भस्मासुर हसला.

पुढे रघुनाथराव गोखले यांच्याशी त्यांचे लग्न झाले. ते लवकर वारले. पदरात तीन मुलगे. कमलाबाईंनी नाटकात कामे करून त्यांना वाढवले. कधी कधी त्या पुरुषसुद्धा झाल्या! पुढे बोलपटातही त्यांनी कामे केली.

टीव्हीवरचे विक्रम गोखले आजीला फार आवडायचे. कमलाबाई त्यांच्या आजी, हे मी तिला सांगितले. आजी गप्प बसली. मग तिने विचारले, त्या स्टेजवर गेल्यावर लहान पोरांना कोण सांभाळायचं? ते मला माहीत नव्हते.

आजी अजून हो म्हणाली नाही. पण नाही पण म्हणाली नाही.

— इयत्ता ४ थी