विश्लेषण : नकाशाने उघडला चीनचा दरवाजा! कोण होते मातेओ रिची?

शाळेच्या वेळापत्रकात इतिहास, भूगोल आणि धर्मशिक्षण यांचे तास वेगळे असतात. कॅथलिक शाळेत तर तिन्हींची पुस्तकेही वेगळी आणि शिक्षकही वेगळे. चारशे वर्षांपूर्वीच्या एका धर्मगुरूच्या आयुष्यात मात्र हे तिन्ही विषय एकमेकांत पुरते मिसळून गेले होते. जगाचा नकाशा हाती घेऊन चीनमध्ये शिरलेले, तिथल्या विद्वानांत स्थान मिळवलेले आणि अखेर बीजिंगच्या मातीतच विसावलेले मातेओ रिची यांची ही ओळख. त्यांच्या आयुष्यातील चार वर्षे गोवा आणि कोचीनमध्ये गेली, हे आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नसते.

रिची यांचे शिक्षण कसे झाले?

मातेओ रिची यांचा जन्म ६ ऑक्टोबर १५५२ रोजी इटलीतील माचेराता या गावी झाला. वडील औषधविक्रेते होते. गावात जेझुइट म्हणजे येशूसंघाच्या धर्मगुरूंनी शाळा काढली होती, तिथे मातेओ शिकले. मुंबईतील सेंट झेवियर्स ज्या संघाने स्थापन केले, तोच हा संघ.

मुलाने वकील व्हावे, अशी वडिलांची इच्छा होती. त्यासाठी त्यांनी सोळाव्या वर्षी त्याला रोमला धाडले. कायद्याचा अभ्यास अर्धवट सोडून १५७१ मध्ये मातेओ येशूसंघात दाखल झाले. रोमच्या महाविद्यालयात त्यांना ख्रिस्तोफर क्लावियस यांच्यासारखे गणिताचे गुरू लाभले. आज आपण वापरतो ते ग्रेगोरियन कॅलेंडर १५८२ मध्ये लागू झाले, त्याच्या आखणीत क्लावियस यांचा मोठा वाटा होता. भूमिती, खगोलशास्त्र, घड्याळे आणि नकाशे यांची गोडी रिची यांना तिथेच लागली.

गोव्यात रिची काय करत होते?

मार्च १५७८ मध्ये लिस्बनहून निघालेले रिची यांचे जहाज आफ्रिकेला वळसा घालून सप्टेंबरमध्ये गोव्याला पोहोचले. ओल्ड गोव्यातील सेंट पॉल कॉलेजात त्यांनी स्वतःचे शिक्षण सुरू ठेवले आणि विद्यार्थ्यांनाही शिकवले. त्या कॉलेजची कमान आजही उभी आहे. १५८० मध्ये कोचीनला त्यांना धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली. मराठीत ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' रचणारे थॉमस स्टीफन्स हेही याच सुमारास, १५७९ मध्ये, गोव्यात आले होते.

गोव्यातील वास्तव्यात रिची यांच्या स्वभावाची एक बाजू दिसली. भारतीय विद्यार्थ्यांना तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान हे उच्च विषय शिकवू नयेत, असे धोरण तिथे आले होते. शिकून ही मुले गर्विष्ठ होतील आणि गरीब वस्तीत काम करायला नकार देतील, असे कारण दिले जाई. २९ वर्षांच्या रिची यांनी १५८१ मध्ये रोममधील संघप्रमुखांना पत्र लिहून या धोरणाला विरोध केला. गर्वाची भीती युरोपीय विद्यार्थ्यांच्या बाबतीतही तितकीच खरी आहे, मग बंदी फक्त स्थानिकांवर का, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. समोरच्या माणसाच्या बुद्धीचा मान राखायचा, ही भूमिका पुढे त्यांनी चीनमध्येही सोडली नाही.

चीनमध्ये नकाशा कसा उपयोगी पडला?

परकीयांना चीनच्या आतल्या भागात सहज प्रवेश नव्हता. रिची १५८२ मध्ये मकावला पोहोचले आणि चिनी भाषेच्या अभ्यासाला लागले. सप्टेंबर १५८३ मध्ये मिकेले रुज्जेरी या सहकाऱ्यासह त्यांना दक्षिणेकडील झाओचिंग शहरात राहण्याची परवानगी मिळाली.

घराच्या भिंतीवर त्यांनी युरोपीय पद्धतीचा जगाचा नकाशा लावला होता. भेटीला येणारे अधिकारी तो पाहून थबकत. त्यांच्या परिचयाच्या नकाशांत मिंग साम्राज्याने जवळजवळ सगळी जागा व्यापलेली असे आणि इतर देश कडेला ठिपक्यांसारखे दिसत. या नकाशात चीन हा अनेक देशांपैकी एक होता, तोही एका टोकाला. शहराच्या प्रमुख अधिकाऱ्याने तो चिनी भाषेत करून मागितला. रिची यांनी १५८४ मध्ये नवा नकाशा काढला. त्यात चीन मध्याजवळ येईल, अशी मांडणी केली. पृथ्वी गोल असल्याने नकाशाचा मध्य कुठेही धरता येतो. त्यामुळे अंतरे आणि आकार यांना धक्का न लावता यजमानांचा मानही राखला गेला.

याच नकाशाची सर्वांत प्रसिद्ध आवृत्ती १६०२ मध्ये बीजिंगमध्ये छापली गेली. ली झिझाओ या चिनी विद्वानाच्या साथीने तयार झालेला हा नकाशा सहा पट्ट्यांचा, सुमारे पाच फूट उंच आणि बारा फूट रुंद होता. पाच खंडांची नावे आणि देशोदेशींची माहिती त्यावर चिनी लिपीत होती. अमेरिका खंडही त्यात होते.

पोशाख का बदलला?

सुरुवातीला रिची बौद्ध भिक्षूंसारखी वस्त्रे घालत. संन्यासी म्हणून लोक आपल्याला ओळखतील, असा त्यामागचा विचार होता. मात्र चिनी समाजात वजन होते ते परीक्षा देऊन अधिकारी झालेल्या, कन्फ्यूशियसचे ग्रंथ पचवलेल्या विद्वानांचे. हे ध्यानात आल्यावर एका चिनी मित्राच्या सल्ल्याने १५९५ मध्ये त्यांनी विद्वानांचा रेशमी झगा चढवला. कन्फ्यूशियसचे ग्रंथ ते अभ्यासत होतेच. त्याच वर्षी त्यांनी चिनी भाषेत मैत्रीवर छोटे पुस्तक लिहिले आणि ते वाचकांना आवडले. चिनी लोक त्यांना ली मादोऊ म्हणत.

सम्राटापर्यंत ते पोहोचले का?

जानेवारी १६०१ मध्ये, चीनमध्ये पाऊल ठेवल्यानंतर १७ वर्षांनी, त्यांना राजधानी बीजिंगमध्ये प्रवेश मिळाला. भेटींमध्ये ठोके देणारी घड्याळे, चित्रे आणि एक तंतुवाद्य होते. वानली सम्राटाला घड्याळे फार आवडली. ती चालू ठेवायला जाणकार हवेत, म्हणून या पाहुण्यांचा मुक्काम लांबला. सम्राटाची समोरासमोर भेट मात्र रिची यांना कधीच झाली नाही.

बीजिंगमध्ये शु ग्वांगची या विद्वान मित्रासोबत त्यांनी युक्लिडच्या भूमितीची पहिली सहा पुस्तके चिनी भाषेत आणली. ती १६०७ मध्ये प्रसिद्ध झाली. तेव्हा घडवलेल्या भूमितीच्या काही संज्ञा चिनी विद्यार्थी आजही वापरतात.

भूगोलातील एक जुने कोडेही त्यांनी सोडवले. मार्को पोलोने वर्णन केलेला 'कॅथे' हा देश म्हणजेच चीन, असे रिची सांगत होते. खात्री करण्यासाठी बेंतो द गोइश हे जेझुइट १६०२ मध्ये आग्र्याहून निघाले आणि मध्य आशियामार्गे चीनच्या सीमेपर्यंत पोहोचले. १६०७ मध्ये त्यांचा तिथेच मृत्यू झाला, पण दोन्ही देश एकच असल्याचे सिद्ध झाले.

मग वाद कशाचा झाला?

चिनी माणूस पूर्वजांपुढे धूप लावतो, कन्फ्यूशियसला वंदन करतो. ख्रिस्ती झालेल्याने हे करावे का? हा वाडवडिलांबद्दलचा आदर आहे, ती देवपूजा नव्हे, असे रिची यांचे मत होते. त्यामुळे ख्रिस्ती होण्यासाठी कुणाला घरच्या माणसांपासून तुटावे लागत नव्हते.

११ मे १६१० रोजी, वयाच्या ५७ व्या वर्षी रिची यांचे निधन झाले. परकीय असूनही दफनासाठी सम्राटाने बीजिंगमध्ये जागा दिली. त्यानंतर मात्र इतर मिशनरी संघांनी या विधींना मूर्तिपूजा ठरवले. रोमने १७०४ मध्ये विधींविरुद्ध निर्णय दिला आणि १७१५ मध्ये तो पक्का केला. एरवी सहिष्णू असलेल्या कांगशी सम्राटाने चिडून १७२१ मध्ये ख्रिस्ती धर्मप्रसारावर बंदी घातली. पुढे चिनी ख्रिस्ती कुटुंबांना धर्म की पूर्वज, अशा पेचात पिढ्यानपिढ्या राहावे लागले. रोमने १९३९ मध्ये भूमिका बदलून हे विधी मान्य केले. रिची यांच्या निधनाला तेव्हा ३२९ वर्षे झाली होती.

आज त्यांची आठवण का?

डिसेंबर २०२२ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी रिची यांना 'पूजनीय' घोषित केले. संतपदाच्या वाटेवरील ही एक पायरी आहे. बीजिंगमधील त्यांची समाधी १९०० च्या बॉक्सर उठावात आणि पुढे सांस्कृतिक क्रांतीत उद्ध्वस्त झाली होती. दोन्ही वेळा ती पुन्हा उभारली गेली. आज ती एका सरकारी प्रशिक्षण संस्थेच्या आवारात आहे.

रिची यांच्या निधनावेळी चीनमध्ये ख्रिस्ती झालेल्यांची संख्या सुमारे अडीच हजार होती. तिथल्या अफाट लोकसंख्येपुढे हा आकडा किरकोळच. आपला देश जगात नेमका कुठे आहे, हे मात्र त्यांच्या नकाशातून कितीतरी जास्त चिनी वाचकांना पहिल्यांदा कळले. आणि चिनी माणसाला काही शिकवण्याआधी त्याची भाषा आणि त्याचे ग्रंथ शिकावे लागतात, हे रिची यांच्याकडून युरोपला कळले.