क्रीडांगणांतून कायद्याकडे : आंब्रोसिओ पादिल्या

विद्यार्थिमित्रहो, शाळा सुटल्यावर पटांगणांत बास्केटबॉलचा खेळ रंगला म्हणजे घरीं जाण्याचें भान आपणांस उरत नाहीं. हा खेळ १८९१ सालीं अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड गांवच्या एका ख्रिस्ती शिक्षणसंस्थेंत डॉ. जेम्स नेस्मिथ या शिक्षकानें शोधून काढला. त्यानें सज्जाच्या कठड्यास दोन टोपल्या टांगल्या आणि आडदांडपणास वाव राहूं नये असे नियम केले. वाय. एम. सी. ए. या ख्रिस्ती तरुणांच्या संस्थेनें तो देशोदेशीं नेला. फिलिपाइन बेटांत तर तो लोकांच्या अगदीं अंगवळणीं पडला. त्या बेटांतील एका थोर खेळाडूचें चरित्र आज येथें सांगावयाचें आहे.

आंब्रोसिओ पादिल्या यांचा जन्म ७ डिसेंबर १९१० रोजीं मनिला शहरीं झाला. त्या काळीं फिलिपाइन देश अमेरिकेच्या अमलाखालीं होता. जेझुइट धर्मगुरूंनीं १८५९ पासून चालविलेल्या अॅतेनेओ विद्यालयांत त्यांचें शिक्षण झालें. तेथेंच ते बास्केटबॉलपटु म्हणून नांवारूपास आले. पुढें त्यांनीं फिलिपाइन विश्वविद्यालयांत कायद्याचा अभ्यास केला. हातांत चेंडू आला म्हणजे पुस्तक सुटतें अशी तक्रार आपल्याकडे पुष्कळ पालक करितात. पादिल्या यांनीं या दोहोंपैकीं एकही सोडलें नाहीं.

१९३६ सालीं बर्लिन येथील ऑलिंपिक सामन्यांत बास्केटबॉलचा प्रथमच समावेश झाला. फिलिपाइन संघाचे कर्णधार म्हणून पादिल्या यांची निवड झाली होती. डॉ. नेस्मिथ हे चौऱ्याहत्तर वर्षांचे वृद्ध गृहस्थ स्वतः तेथें हजर होते. सामने छपराखालीं नव्हे, तर टेनिसच्या उघड्या मैदानांवर, माती आणि वाळू यांवर खेळले गेले.

फिलिपाइन संघानें मेक्सिकोस ३२ विरुद्ध ३० असें हरविलें. नंतर एस्टोनियाचा ३९ विरुद्ध २२ असा पराभव केला. उपांत्यपूर्व फेरींत मात्र त्यांची गांठ अमेरिकेशीं पडली. ज्या राष्ट्राकडून हा खेळ शिकावयाचा, ज्याच्या सत्तेखालीं रहावयाचें, त्याच राष्ट्राशीं हा सामना! अमेरिकन खेळाडू उंच आणि कसलेले होते. त्यांनीं ५६ विरुद्ध २३ असा मोठा विजय मिळविला.

आतां त्या स्पर्धेचा नियम ऐका. आरंभींच्या फेऱ्यांत हरणाऱ्या संघास पुनः एक संधि मिळत असे. परंतु उपांत्यपूर्व फेरींत जो हरला त्यास पदकाची वाट कायमची बंद होई. त्यामुळें फिलिपाइनकडून हरलेला मेक्सिकोचा संघ मागल्या दारानें पुढें आला आणि त्यानें तिसऱ्या क्रमांकाचें पदक मिळविलें. फिलिपाइनच्या वांट्यास पदक आलें नाहीं. उरलेल्या सामन्यांत पदक मिळावयाचें नव्हतें. केवळ क्रमांक ठरावयाचा होता. अशा वेळीं कितीएकांचा हुरूप मावळला असता. परंतु पादिल्या यांच्या संघानें इटलीस ३२ विरुद्ध १४ आणि उरुग्वेस ३३ विरुद्ध २३ असें हरवून पांचवा क्रमांक पटकाविला. पांच सामन्यांपैकीं चार त्यांनीं जिंकले होते. एकच हरले, आणि तोही सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघाकडून! आशियांतील कोणत्याही देशाच्या पुरुषसंघास ऑलिंपिक बास्केटबॉलमध्यें याहून वरचा क्रमांक आजवर मिळालेला नाहीं.

त्या काळीं हा खेळ उदरनिर्वाहाचें साधन नव्हता. पादिल्या यांनीं वकिली पत्करली आणि दिवाणी व फौजदारी कायद्यांवर मोठमोठे भाष्यग्रंथ लिहिले. त्यांचा देश १९४६ सालीं स्वतंत्र झाला. १९५४ ते १९५७ या काळांत ते सरकारचे सॉलिसिटर जनरल होते. १९५७ सालीं लोकांनीं त्यांस सेनेटमध्यें निवडून दिलें. पुढें पंधरा वर्षें ते तेथें सभासद होते.

१९७२ सालीं राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांनीं लष्करी कायदा पुकारला आणि विधिमंडळास टाळें लागलें. जणूं खेळ ऐन रंगांत असतां एका गड्यानें पंचाची शिट्टीच हिसकावून घ्यावी, तसें झालें. १९८६ सालीं जनतेच्या शांततामय उठावानें मार्कोस यांची सत्ता संपली. तेव्हां नवी राज्यघटना तयार करण्यासाठीं जें मंडळ नेमण्यांत आलें, त्याचे उपाध्यक्ष म्हणून पादिल्या यांची निवड झाली. त्या वेळीं त्यांचें वय पंचाहत्तर वर्षांचें होतें. राष्ट्राध्यक्षास सहा वर्षांची एकच कारकीर्द मिळावी, लष्करी कायदा पुकारल्यास त्याची मुदत साठ दिवसांहून अधिक नसावी, तो रद्द करण्याचा अधिकार विधिमंडळास असावा आणि सर्वोच्च न्यायालयास त्याची छाननी करितां यावी, असे निर्बंध या घटनेंत घालण्यांत आले. २ फेब्रुवारी १९८७ रोजीं लोकांनीं मतदान करून ही घटना मान्य केली. १९९६ सालीं, वयाच्या पंचायशीव्या वर्षीं, पादिल्या निवर्तले.

मित्रहो, बर्लिनला ज्या नियमानें त्यांच्या संघाचें पदक हुकलें, तो नियम कठोर वाटला तरी सर्व संघांस सारखाच लागू होता. तो मान्य करून ते शेवटच्या सामन्यापर्यंत खेळले. उतारवयांत त्यांनीं जी घटना घडविण्यास हातभार लाविला, तिचेंही मर्म हेंच कीं, नियम राजास आणि रंकास सारखाच असावा. उद्यां आंतरशालेय सामन्यांत आपला संघ हरला आणि ढाल दुसऱ्या शाळेस गेली, तर पंचांच्या नांवें बोटें मोडण्यापूर्वीं बर्लिनच्या त्या मातीच्या मैदानावर खेळलेले शेवटचे दोन सामने आपण अवश्य आठवावे.